झाड बदलू नकोस

अगं पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. सकाळी सहाला अभ्यासिकेत खुर्ची पकडायची, रात्री अकराला खोलीवर, मधे मेसचा डबा आणि परीक्षेची तारीख पुन्हा पुढे गेल्याची बातमी. कुणीतरी म्हणालं, टेकडीवर जा, निसर्गात मन शांत होतं. तू गेलीस. सोमवारी पर्वती, मंगळवारी तळजाई, मग हनुमान टेकडी, मग वेताळ. चारही ठिकाणी डोक्यात कटऑफच फिरत राहिला. म्हणून आता विचारतेस की किड्या-फुलांचे अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स घेऊ का, घेतली तर कोणती, आणि फोटोंसाठी कासला जावं की भीमाशंकरला.

कासची फुलं ऑक्टोबरातच आटोपली. भीमाशंकर कुठं पळून जात नाही. तू एक झाड धर आणि फेब्रुवारी संपेपर्यंत ते बदलू नकोस. मला सांगायचंय ते एवढंच. पुढचं सगळं ते एक झाड नीट बघता यावं म्हणून लिहिते आहे.

कुठलं झाड, हे तू विचारणारच. रुई घे. दर शनिवारी मारुतीच्या गळ्यात तिची माळ बघतेस, पण झुडपापाशी दोन मिनिटं थांबली नसशील. तळजाईच्या पायथ्याला, रिकाम्या प्लॉटवर, नाल्याच्या कडेला, कुठंही सापडते. हिवाळ्यात टेकडीवरचं गवत वाळतं, मोई-सालईची पानं झडतात, गिरिपुष्पाच्या नुसत्या काटक्या उरतात. रुई मात्र हिरवी असते, फुलत असते, आणि चिकामुळे गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. तो चीक ज्यांना पचतो असे मोजके किडे मग तिथंच वस्ती करतात. कोरड्या दिवसांत एका झुडपावर इतकी वर्दळ दुसरीकडे क्वचितच मिळते. कमरेइतकं उंच झुडूप निवड, म्हणजे गुडघ्यावर बसलीस की शेंडा डोळ्यांसमोर येतो.

पायथ्याचंच निवड. रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि सखल भागात साचते. त्यामुळे माथ्यापेक्षा पायथ्याला दव जास्त आणि वारा कमी. शिवाय वाटेवर माणसांची ये-जा असते. पुण्याच्या टेकड्यांवरच्या लुटीच्या बातम्या तूही वाचतेस. अंधारात एकटीनं वर जाण्यात कसलंही शौर्य नाही. उजाडल्यावर निघ, आणि कुठल्या झाडापाशी आहेस ते खोलीतल्या मुलीला माहीत असू दे. रोज तेच झाड असलं की हे सांगणंही सोपं जातं.

आता लेन्स. नको. पहिले पंधरा दिवस फोन खिशातच ठेवायचा आणि दहा पटीचं एक भिंग घ्यायचं, सोनार आणि घड्याळजी वापरतात तसलं घडीचं. काही शे रुपयांत येतं. वीस पट, तीस पट लिहिलेलं घेऊ नकोस. ताकद वाढली की दिसणारं वर्तुळ आक्रसतं, अंतर इतकं कमी होतं की भिंगाचीच सावली पडते, आणि नवशिक्या हाताला त्यात फक्त धुकं दिसतं. दहा पटीच्या भिंगाचं नाभीय अंतर 25 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक इंच. ते हात लांब करून धरायचं नसतं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकव, त्या हाताचं एक बोट गालाच्या हाडावर ठेव, आणि भिंगासकट डोकं पानाकडे ने. एक इंच उरला की चित्र झटकन स्वच्छ होतं. दुसरा डोळा मिटू नकोस, मिटलास की पाच मिनिटांत कपाळ ठणकतं. श्वास नाकानं आणि खालच्या बाजूला सोड, नाहीतर थंडीत काच धुरकटते.

पंधरा दिवस फोन का नको, ते सांगते. फोन हातात आला की माणूस पडद्याकडे बघतो. पडद्यावर बरं दिसतंय का, एवढंच बघतो. किडा काय करतोय हे त्याच्या गावीही नसतं. मग शंभर फोटो निघतात आणि एकाही फोटोतला प्राणी पुढच्या मिनिटाला काय करणार होता हे फोटो काढणाऱ्याला सांगता येत नाही. असले फोटो बघून मला वैताग येतो, तू त्यांत भर घालू नकोस.

वेळ ठरलेली. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, जानेवारीच्या मध्याला सात-दहाच्या आसपास. सव्वासातला झाडापाशी पोच, साडेआठला परत. खुर्ची जाईल म्हणशील. मैत्रिणीला तुझी वही टाकून ठेवायला सांग, अभ्यासिकेत एवढी माणुसकी असते.

दव पडेल की नाही हे रात्रीच कळतं. झोपण्यापूर्वी खिडकीतून बघ. चांदण्या स्पष्ट आणि वारा पडलेला असेल तर पडेल. आभाळ भरलेलं असलं की जमिनीतून निघालेली उष्णता ढग परत पाठवतात आणि पान पुरेसं गार होत नाही. वारा असला तर पानालगतची गार हवा टिकत नाही. अशा रात्रीनंतरही जायचं. दव नसलेल्या सकाळी झाड वेगळं असतं, आणि दोन्ही सकाळी बघितल्याशिवाय दवानं काय केलं हे कळत नाही.

रुईच्या बुडाशी वाळक्या गवतात तुला तळहाताएवढ्या पांढऱ्या चादरी अंथरलेल्या दिसतील, एका कडेला नरसाळं होऊन आत गेलेल्या. हिपासा नावाच्या कोळ्याची जाळी ती. दव उडालं की त्याच जागी नजर फिरवून बघ, काही म्हणता काही दिसणार नाही. जाळं तिथंच असतं. कोळी नरसाळ्याच्या तोंडाशी बसतो आणि पावलाचा दणका बसला की आत पसार होतो. म्हणून शेवटची दहा पावलं मांजराच्या चालीनं टाकायची.

थंडीतल्या सकाळचा खरा फायदा वेगळाच आहे. किड्याचं अंग साधारण हवेइतकंच गार असतं. दहा-बारा अंशांत त्याचे उडायचे स्नायू कामाला लागत नाहीत. चतुर असो की फुलपाखरू, ऊन अंगावर येऊन अंग तापल्याशिवाय सहसा उडणं नाही. साडेसातला अंगभर दव घेऊन काडीला चिकटलेला चतुर तुला भिंग लावून डोळा बघू देतो, साडेनवाला तोच तुला तीन मीटरच्या आत येऊ देत नाही. पण तो पळू शकत नाही याचा गैरफायदा घ्यायचा नाही. काडी मोडायची नाही, दव झटकायचं नाही, त्याला सोयीच्या फुलावर नेऊन बसवायचं नाही. किडे फ्रिजमध्ये गारठवून फोटो काढणारे आहेत, बाटलीनं पाणी फवारून वर ग्लिसरीनचे थेंब लावणारेही आहेत. त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही, फक्त तू त्यांच्यात जाऊ नकोस.

आता कोवळ्या शेंड्याकडे ये. खालच्या जुन्या पानांवर फार वेळ घालवू नकोस. शेंड्यावर किंवा कळ्यांच्या देठांवर पिवळाजर्द मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे इवले किडे, असेल, काळे पाय, पाठीच्या टोकाशी दोन काळ्या नळ्या. नुसत्या डोळ्यांना हळद सांडल्यागत दिसतं आणि माणूस 'ई, कीड' म्हणून पुढे जातो. भिंग लाव आणि मोठ्यातली एक मादी हेरून ठेव. या माव्याला नराची गरज पडत नाही आणि अंडी घालण्याची भानगडही नाही, मादी थेट पिल्लंच देते. एखादी मागचा भाग किंचित उचलून स्तब्ध झालेली दिसली की तिच्यावरून नजर काढू नकोस. पिल्लू उलटं येतं, पार्श्वभाग आधी, डोकं शेवटी. बराच वेळ ते आईच्या टोकाला तसंच लोंबकळतं, पाय अंगाशी घट्ट मिटलेले. मग एकेक पाय सुटतो, हवेत चाचपडतो, पानाला टेकतो. सगळे पाय टेकले की ते डोकं सोडवून घेतं, चार पावलं सरकतं आणि सोंड पानात खुपसून पिऊ लागतं. आईची सोंड या सगळ्या वेळात पानातच असते. हे कुठल्याही सकाळी, फुकट, अभ्यासिकेपासून चालत जाण्याच्या अंतरावर चालू असतं.

त्याच गर्दीत एखादा मावा तपकिरी, फुगीर, कागदासारखा कोरडा आणि अजिबात न हलणारा दिसेल. त्याच्या आत गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातल्या एका इवल्या परजीवी माशीची अळी वाढत असते. पाठीला गोल भोक पडलं असेल तर माशी निघून गेली. मुंग्या माव्याच्या पाठीवर स्पर्शिका फिरवून गोड थेंब घेताना दिसतील. आणि ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी, करडी-काळी, अंगावर नारिंगी ठिपके. ढालकिडा सगळ्यांना ओळखू येतो, त्याचीच ही अळी हे फार थोड्यांना माहीत असतं. ती मावा कुरतडून संपवत पुढे जाते.

आता नीट ऐक. आज शेंड्यावर बोटभर लांबीत मावा आहे. आठवड्यानं तो वीतभर होईल. मग ढालकिडे येतील, अळ्या होतील, आणि आणखी आठ-दहा दिवसांत फांदी साफ. पांढऱ्या काती तेवढ्या चिकटून राहतील. मग शेजारच्या फांदीवर पहिला पंखवाला मावा उतरलेला दिसेल. हे सगळं बघायला रोज तीच फांदी लागते. सोमवारी पर्वती आणि मंगळवारी तळजाई करणाऱ्याला मावा दिसेल, साफ फांदीही दिसेल, पण मधली लढाई दिसणार नाही. झाड बदलू नकोस म्हणते ते यासाठी.

पानं उलटून बघायची ती देठाला न धरता, बोटाच्या टोकानं कड उचलून. खालच्या बाजूला प्लेन टायगर फुलपाखराचं एकुलतं अंडं मिळेल. मिळाला तर सुरवंट, काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. सुरवंट दिसला नाही तर पानावर लेंड्या शोध, त्या असल्या की मालक वरच्याच एखाद्या पानावर असतो.

फुलाकडे मात्र नीट वेळ दे. रुईच्या फुलाच्या मध्यभागी पाच कोनांचा मेणचट मुकुट असतो. त्याच्या कोनांमधे उभ्या बारीक फटी आहेत. भिंगाखाली एक पातळ गवताची काडी फटीत खालून घालून अलगद वर सरकव. काडीच्या टोकाला एक काळसर चिमटा अडकून येईल आणि त्याच्या दोन बाजूंना पिवळ्या चपट्या पिशव्या. परागकणांची पूड न करता रुई ते असे जोडीनं बांधून ठेवते. काळा भुंगा मधासाठी बसला की त्याचा पाय त्या फटीत अडकतो आणि ओढून काढताना हा चिमटा त्याच्याबरोबर जातो. ऊन तापल्यावर भुंगा आला की त्याच्या पायांकडे बघ, चिमटे लटकताना दिसतात. एका फुलाची एकच फट उघड, सगळी फुलं धुंडाळत बसू नकोस.

आणि हे करताना चिकाला जप. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला सूज येते आणि नजर धूसर होते. कधी कधी आधी दुखतही नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. पान तोडू नकोस, हात लागला तर आधी पाण्यानं धू, मगच भिंग डोळ्याला लाव. डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्यानं धुऊन थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. बाटलीतलं पाणी यासाठीही असतं.

पंधरा दिवस झाले? मग काढ फोन.

स्वस्त फोनवर '2 मेगापिक्सेल मॅक्रो' म्हणून वेगळा कॅमेरा देतात, तो विसर. त्याचा फोकस एकाच अंतरावर पक्का केलेला असतो आणि तपशील धरत नाही. मुख्य कॅमेऱ्यावर चिमट्यानं बसणारी लेन्स घे. दुकानदार '15 एक्स', '20 एक्स' छापतात त्याला काही अर्थ नाही, लेन्सची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात, ते किती ते विचार. 1000 ला त्या आकड्यानं भागलंस की मिलिमीटरमध्ये अंतर मिळतं. 10 डायॉप्टर म्हणजे दहा सेंटिमीटर, 40 म्हणजे अडीच. दहा सेंटिमीटरवाली घे. अडीचवर फोनची सावली पानावर पडते, ऊब पोचते आणि किडा सटकतो. मोठं दिसावं या हव्यासापायी बहुतेकजण अडीचवाली घेतात आणि महिन्याभरात खणात टाकतात.

लावताना फोनचं जाड कव्हर काढ. लेन्स मुख्य कॅमेऱ्याच्या नेमकी मध्यावर हवी, मिलिमीटरभर सरकली तरी एक कोपरा काळा किंवा धूसर येतो. काही फोन वस्तूच्या जवळ गेलं की आपणहून वाइड कॅमेऱ्यावर उडी मारतात. ती ऑटो मॅक्रोची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद कर, नाहीतर लेन्स एका कॅमेऱ्यावर आणि फोटो दुसऱ्यातून असा प्रकार होतो. कडा थोड्या धूसर राहणारच, त्या नंतर कापून टाकायच्या.

मावा दिसला की पडद्यावर बोट दाबून धर, फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. त्यानंतर पडद्याला हात लावायचा नाही. उजवं कोपर गुडघ्यावर. डाव्या हाताच्या दोन बोटांत फांदीचं टोक आणि त्याच तळव्याच्या कडेवर फोनची खालची बाजू टेकलेली. फांदी आणि फोन एकाच हातावर असले की हलले तरी बरोबर हलतात आणि फोटो वाचतो. मग कमरेतून अगदी साळीच्या दाण्याएवढं पुढे, तेवढंच मागे, आणि या डोलण्यात बर्स्ट, म्हणजे एकामागोमाग सलग फोटो. बटण म्हणून वायरवाल्या इयरफोनची आवाज वाढवायची कळ वापर. वीसातला एक फोटो धड येतो. वीसातला एक, हे कमी नाही.

उजेडाचं गणित उलटं चालतं. रुईच्या पानावर पांढरी लव असते, तसं पान चौकटभर आलं की फोन घाबरून सगळं करडं करतो, तिथं उजेड अर्धा स्टॉप (कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप) वाढव. पिवळा मावा उन्हात असला की उलट, पिवळा रंग फुटतो आणि नुसता डाग उरतो, तिथं अर्धा ते एक स्टॉप कमी कर. त्याहून बरं म्हणजे ऊनच मऊ कर. ए-फोर आकाराचा बटर पेपर मधे धर, आणि सावलीच्या बाजूला वहीचं पांढरं पान. फोनचा फ्लॅश कधीही नाही, मेणचट पानावर पांढरा डाग पडतो.

खोलीतल्या कुणाकडे डीएसएलआर असेल आणि ती द्यायला तयार असेल, तर नवीन मॅक्रो लेन्सचा विचारही करू नकोस. 50 मिलिमीटरची साधी लेन्स आणि तिच्या नि कॅमेऱ्याच्या मधे एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे एक पोकळ नळी, पुरते. ट्यूबची लांबी भागिले लेन्सचं नाभीय अंतर एवढं मोठेपण वाढतं, म्हणजे 50 च्या लेन्सवर 50 मिलिमीटर ट्यूब लावली की वस्तू सेन्सरवर जवळपास आहे त्या आकारात उमटते. एफ-11 वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच बारीक करून, तेव्हा स्पष्ट दिसणारा पट्टा मिलिमीटरच्या आसपास असतो. जास्त खोली हवी म्हणून एफ-22 वर गेलीस तर सगळंच किंचित बोथट होतं, कारण इतक्या जवळून एफ-11 चा परिणाम एफ-22 सारखा होतो आणि एफ-22 चा एफ-44 सारखा. खोली वाढवायचा खरा उपाय फुकट आहे: कॅमेऱ्याची पाठ किड्याच्या अंगाला समांतर धर. मिटलेल्या पंखांचं फुलपाखरू आडवं पकडलं तर मिलिमीटरभरही पुरतो, तिरकं पकडलं तर मिशीसुद्धा पूर्ण येत नाही.

फोटो बिघडला की 'हलला' म्हणून पुसून टाकू नकोस, मोठा करून कारण शोध. सगळी चौकट एकाच दिशेला ओढल्यासारखी असेल तर तुझा हात हलला. देठ स्वच्छ आणि किडाच पुसट असेल तर किडा हलला. कुठंतरी एक बारीक पट्टा स्वच्छ आहे, पण तो हवा तिथं नाही, तर हात ठीक होता आणि तू पुढे-मागे चुकलीस. वाऱ्यानं फांदी हलली असेल तर मागची दूरची पार्श्वभूमी नीट आणि फांदीवरचं सगळं पुसट. हे चार प्रकार ओळखता आले की महिनाभराचा क्लास वाचतो. ऊन वर आलं की वारा वाढतोच, कारण जमीन तापून हवा वर-खाली व्हायला लागते. तेव्हा फोटो थांबवून भिंग काढायचं.

मला लोक विचारतात, वर्षानुवर्षं एकाच नाल्याकाठी काय करता, लडाखला जा, ताडोबाला जा. मी उत्तर देत बसत नाही, पण तुला देते. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या जेरिको गावी विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता. 15 जानेवारी 1885 ला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यानं भात्याच्या कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून हिमस्फटिकाचा फोटो घेतला. काळ्या फळीवर हिम झेलायचं, चांगला स्फटिक काडीनं उचलून काचेवर ठेवायचा, पिसानं अलगद दाबायचा, आणि हे सगळं बिनशेकोटीच्या खोलीत श्वास रोखून, कारण श्वासाची ऊब लागली की स्फटिक गेला. 1931 मध्ये वारला तोवर पाच हजारांहून अधिक स्फटिक त्यानं टिपले. गाव तेच, शेत तेच. फ्रान्सच्या सेरिन्यां गावी झाँ-आँरी फाब्र हा कीटकअभ्यासक 1879 पासून 1915 मध्ये जाईपर्यंत हेक्टरभर माळरानावरचे किडे बघत राहिला. त्यांना प्रवासाला पैसे नव्हते असं कुणी म्हणेल. असेल तसं. मला त्यांचं जे दिसतं ते हे की त्यांना उद्याची सकाळ कालच्या सकाळीशी ताडून बघता येत होती. लडाखहून आलेल्याकडे ताडून बघायला काय असतं?

दुसरं एक बोलते, ते मला खटकत राहिलेलं आहे. 2023 मध्ये वेताळ टेकडीवरून आखलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरले. उतरायलाच हवं होतं. पण टेकडीवर असं काय आहे म्हणून विचारलं की आमच्या तोंडी मोर, झाडं, भूजल. गवतात काय राहतं, कुठल्या महिन्यात राहतं, याची नोंद फार थोड्यांकडे. माझ्या पिढीनं टेकड्या पुष्कळ चढल्या, पाहिल्या कमी. घाम किती गाळला आणि पावलं किती झाली, एवढंच मोजत राहिलो. तुझ्या मनगटावर पण तसलंच घड्याळ आहे ना? झाडापाशी काढून ठेव.

राहता राहिली शांतता. तू लिहिलंयस की पानाकडे बघत असतानाही विचार थांबत नाहीत. थांबवायला कुणी सांगितलं? भिंगात दिसणारं वर्तुळ नाण्याएवढं. डोकं मिलिमीटरभर हललं की मावा गेला. म्हणून अंग आपोआप स्थिर धरावं लागतं, श्वास लांब सोडावा लागतो, आणि डोळ्यांपुढे एक पिल्लू तिसरा पाय सोडवत असतं. पहिली पंधरा मिनिटं कटऑफ फिरेल. फिरू दे, त्याच्याशी भांडू नकोस, फक्त मावा सुटू देऊ नकोस. केव्हातरी लक्षात येईल की मधली काही मिनिटं कटऑफ डोक्यात नव्हताच. ते रोज होणार नाही. आनंद म्हणशील तर तो बहुतेक वेळा दुसऱ्या आठवड्यापासून येतो, जेव्हा झाडापाशी पोचण्याआधीच कालच्या अळीचं काय झालं हे बघायची घाई होते. नव्या जागी ही घाई होत नाही, कारण तिथं तुझं कुणीच नसतं. झाड बदलू नकोस.

आणि हे सरळ सांगते: झोप उडालीय, जेवण जात नाही, सगळं निरर्थक वाटतंय असं दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर रुईवर भागवू नकोस. 14416 हा टेलीमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक आहे, फोन कर, डॉक्टरांना भेट. त्यानंतरही झाडापाशी जाता येतं.

आणखी थोडं. बसायला गोणपाटाचा तुकडा ने. बसण्यापूर्वी काठीनं गवत बाजूला करून बघ, आपल्या टेकड्यांवर फुरसं असतं आणि उन्हाला सकाळीच येतं. दगड उलटायचे नाहीत, खाली विंचू असतो. गुरं चरतात तिथं गोचिडी असतात, खोलीवर गेल्यावर घोटे आणि गुडघ्यांच्या मागची बाजू तपास. लोकरीचे मोजे घातलेस तर गवताची कुसळं काढण्यात अर्धा दिवस जाईल, घट्ट विणीची सुती पँट बरी.

कुसळं निघालीच आहेत तर फेकू नकोस. एक लांब शेपटीचं कुसळ घे, वाळलेलं, पीळ पडलेलं. तळहातावर ठेवून त्याच्यावर दोन-तीनदा गरम श्वास सोड, किंवा पाण्याचा एक थेंब टाक. पीळ उकलायला लागतो आणि शेपटी गोल फिरते. वाळलं की पुन्हा उलटं वळतं. दवानं ओलं, उन्हानं कोरडं, असं रोज पिळत-उकलत ते बी स्वतःला जमिनीत घुसवतं. तुझ्या मोज्यातही ते याच रीतीनं घुसतं. हे भिंगाशिवायही दिसतं, मेसमध्ये डबा येईपर्यंत करून बघ.

वहीत चारच रकाने पाड: तारीख, वेळ, आभाळ, कालपासून काय बदललं. नावं माहीत नसली तरी चालतील, 'काळ्या पायांचा पिवळा' असं लिही. नावं नंतर आयनॅचरलिस्ट या प्राणी-वनस्पती ओळखून देणाऱ्या संकेतस्थळावर फोटो टाकून मिळतील. मला फोटो पाठवू नकोस, पंधरा दिवसांनी वहीची पानं पाठव. चौथा रकाना कोरा असला तर मी काही बोलणार नाही, पण उत्तरही देणार नाही.

ता. क. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी पहाटे माळा करणारे रुईची पानं ओरबाडून नेतात. देवळाजवळचं झुडूप निवडलंस तर तुझी फांदी पहिल्याच शनिवारी जाईल. थोडं आडबाजूचं, धुळकट, पानांना भोकं पडलेलं झुडूप बघ. माळेला ते कुणी नेत नाही, आणि भोकं कुणीतरी पाडलेली असतात.